काहून

गिरणीच्या वरच्या खोलीत माझा वर्ग भरतो.
बाकांवर रोज ज्वारीच्या पिठाचा पातळ थर,
पोरं त्यात बोटानं स्पेलिंगं गिरवतात
आणि फुंकून टाकतात.

परवा वर्ग सुटल्यावर रेवनाथ निमजे आले,
तांडापेठेतून सायकल हातात धरून,
चेन उतरली होती.
खिशातून काढलं जाड पुठ्ठ्याचं कार्ड,
प्रदर्शनवाल्यांनी दिलेलं, वीतभर.
त्यावर एक रेघ. साडी कशाची, कुठली,
ते इंग्रजीत लिहायचं.

मला वाटलं, दोन मिनिटांचं काम.

पोरांना सांगते तसंच त्यांना सांगितलं :
बघा, वस्तूत जिन्नस दिसत राहिला तर ऑफ.
पाट लाकडाचा. लाकूड दिसतंय.
जिन्नस हरवला, दुसरंच काही होऊन बसला, तर फ्रॉम.
दही दुधाचं. दूध शोधून दाखवा दह्यात.

ते म्हणाले, "काहून?
मराठीत तं दोन्हीले 'चं'च लागते."

लागतं खरं.

साडी सुताची : ऑफ. इथवर ठीक.
पण काठाचा तो केशरी रंग पळसाचा,
शिमग्याच्या आधी उमरेड रोडला वेचलेल्या,
रात्रभर उकळलेल्या फुलांचा. फुलं कुठं आहेत आता?
म्हणून फ्रॉम, मी म्हणाले.
त्यांनी काठ नाकाशी नेला.
"मले तं वास येते."
मी खोडलं.

मग गाव. फ्रॉम नागपूर लिहिलं,
तर विचारतात, ह्यात निघून आल्यासारखं वाटते काय?
वाटतं थोडं. फ्रॉम म्हटलं की
वस्तूची पाठ गावाकडे होते.
"आपन तं कुठी गेलोच नाही, बाई.
आजा आला होता बुऱ्हानपुराहून,
त्याले लावा फ्रॉम.
मी इथलाच."

पुन्हा खोडलं. कार्ड मळत चाललेलं.
त्यांनी टोपी काढली, झटकली, घातली,
आणि खिडकीकडे बघत म्हणाले,
"कांड्या हिनं भरल्या. बेचाळीस वर्सं.
औंदा हात थरथरते, तरी.
तिचं नाव कुठी बसवता?"

खाली आधीच छापलेलं होतं, बाय रेवनाथ निमजे.
बाय म्हणजे करणारा. करणारा एक.
मराठीत मी लिहिलं असतं, गिरजाबाईकडून,
जिनं केलं तीही त्यात,
जिच्यापासून आलं तीही.
इंग्रजीला इथं दोन शब्द हवेत
आणि रेघ उरली होती बोटभर.

नियमात बसत नाही, म्हणाले मी.

"काहून?"

आईनं हजारदा विचारलेलं, कंडक्टरनं, शेजारच्या काकूनं,
काहून रडून राह्यली, काहून नाही आली कालच्याला,
त्यातलं ते 'हून'
मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.
पंचमीचा प्रत्यय. फळ्यावर किती वेळा लिहिलाय.
घराहून, बुऱ्हानपुराहून,
काय-हून.
म्हणजे कारण विचारताना आपण
कुठून निघालं हे, एवढंच विचारतो.

पुण्याला शिकायला गेले तेव्हा
दोन महिन्यांत मी 'का' म्हणू लागले होते.
मैत्रिणी हसायच्या.

खाली गिरणी सुरू झाली, टेबल हलू लागलं.
छापलेल्या बायच्या वर, हलत्या अक्षरात,
मी लिहिलं, फ्रॉम गिरजाबाई.
हे इंग्रजी चूक आहे, सांगितलं त्यांना.
"चालते," म्हणाले.

जिन्याखाली ते चेन चढवत होते,
दोन्ही हात काळे,
आणि डाग लागू नये म्हणून
कार्ड दातात धरलेलं.